स्क्रिप्टला फाइल लिहिता येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हरवरची स्क्रिप्ट फाइल लिहायला जाते आणि ‘परमिशन डिनाइड’ ऐकून हात हलवत परत येते. हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी तोवर एक उपाय करून पाहिलेला असतो: फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. आणि एक गोष्ट बघायची राहिलेली असते: लिहायला गेला तो नेमका कोण होता? खालची बरीचशी उत्तरं फिरून याच प्रश्नापाशी येतात.

उदाहरणं मुख्यतः लिनक्सवरची आहेत; विंडोजचा एक प्रश्न शेवटाकडे आहे. कमांडची आणि सेटिंगची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टाइप करायची.

## मी लॉगिन करून तीच फाइल लिहू शकतो, मग माझ्याच स्क्रिप्टला का जमत नाही?

कारण स्क्रिप्ट तुमची असली तरी ती तुमच्या नावाने चालत नाही. एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या साधनाने) आत गेल्यावर तुम्ही जे काही करता ते तुमच्या युजरच्या नावावर पडतं. ब्राउझरकडून आलेली रिक्वेस्ट मात्र वेब सर्व्हर, किंवा त्याच्या मागे बसलेली पीएचपी, पायथन, नोडची प्रोसेस हाताळते. आणि ती प्रोसेस मुद्दाम कमी अधिकार असलेल्या युजरच्या नावाने चालवलेली असते. डेबियन आणि उबंटूवर त्या युजरचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, क्रमांक ३३. रेड हॅट आणि फेडोरावर अपाचे, क्रमांक ४८.

लिहिण्यासाठी फाइल उघडताना कर्नल (सिस्टमचा गाभा) हे बघतच नाही की स्क्रिप्टची फाइल कोणाच्या मालकीची आहे. तो बघतो चालू प्रोसेसचा युजर क्रमांक आणि तिचे गट. त्यामुळे ‘स्क्रिप्टचा मालक मीच आहे’ हे खरं असूनही इथे उपयोगाचं नाही.

## ती कोणाच्या नावाने चालते हे कसं शोधायचं?

‘पीएस एयूएक्स’ चालवा आणि पहिला रकाना वाचा. अपाचे, इंजिनएक्स किंवा पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपी चालवणाऱ्या वेगळ्या सर्व्हिसच्या) बऱ्याच ओळी दिसतील, त्यात एक रूटची, म्हणजे सर्वाधिकारी युजरची, असेल. ती मुख्य प्रोसेस. तिचं काम पोर्ट उघडणं आणि बाकीच्यांना जन्माला घालणं. रिक्वेस्ट हाताळतात त्या तिच्या वर्कर प्रोसेस, आणि आपल्याला त्यांचा युजर हवा आहे. रूट दिसला म्हणून ‘माझी स्क्रिप्ट तर रूटनेच चालते’ असं समजू नका.

दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. पहिलं, इंजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएमची जोडी. लोक इंजिनएक्सचा युजर बघतात आणि फोल्डर त्याच्या नावावर करून मोकळे होतात. पण पीएचपी चालवतो एफपीएम, आणि त्याचा युजर त्याच्या पूलच्या (वर्करच्या संचाच्या) कॉन्फिगरेशनमध्ये वेगळा लिहिलेला असतो. रेड हॅटवर तर गंमत अशी की मशीनवर अपाचे सर्व्हर चालू नसला तरी एफपीएमचा मूळ पूल अपाचे याच युजरच्या नावाने चालतो.

दुसरं, पीएचपीचं ‘गेट_करंट_युजर’ हे फंक्शन. नावावरून वाटतं की हे चालू युजर सांगेल. ते सांगतं स्क्रिप्टच्या फाइलचा मालक. या एका नावाने किती जणांची संध्याकाळ खाल्ली असेल कोण जाणे. खरं उत्तर ‘पोझिक्स_गेटईयूआयडी’ देतं, पायथनमध्ये ‘ओएस.गेटईयूआयडी’, नोडमध्ये ‘प्रोसेस.गेटईयूआयडी’. तीन ओळींची चाचणी स्क्रिप्ट लिहा आणि ती ब्राउझरमधून उघडा. टर्मिनलमधून चालवलीत तर ती तुमचंच नाव सांगेल आणि आपण होतो तिथेच राहू. काम झालं की ती स्क्रिप्ट काढून टाका.

## ६४४, ७५५, ७७५ या आकड्यांचा अर्थ काय?

वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १, त्यांची बेरीज. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा.

एक बारकावा मात्र कमी जणांना ठाऊक असतो. हे तीन आकडे एकत्र करून बघितले जात नाहीत. तुम्ही मालक असाल तर फक्त पहिला आकडा लागू. तो कमी पडला म्हणून गटाचा आकडा मदतीला येत नाही. मालकाला ४ आणि गटाला ६ अशा फाइलवर गटातले सगळे लिहितील आणि मालक बघत बसेल.

## फाइलला लिहायची परवानगी आहे, मालकही बरोबर आहे, तरी नकार. आता काय?

आता फाइलवरून नजर काढा आणि तिच्यापर्यंतचा रस्ता बघा. फाइलच्या मार्गात जेवढी फोल्डर येतात, त्या प्रत्येकावर स्क्रिप्टच्या युजरला ‘चालवणे’ ही परवानगी लागते. फोल्डरच्या बाबतीत चालवणे म्हणजे त्यातून पलीकडे जाणे. मधल्या एका फोल्डरने दार लावलं की आतल्या फाइलवर ७७७ असलं काय आणि ६४४ असलं काय, फरक पडत नाही.

हे नेहमी घडतं ते प्रोजेक्ट स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवल्यावर. उबंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५५ ऐवजी ७५० करायला सुरुवात केली. जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं चाललेली मांडणी नव्या मशीनवर आणली की बंद पडते, आणि आपण आतल्या फाइलींची परवानगी बदलत बसतो.

यासाठी ‘नेमआय -एल’ आणि पुढे फाइलचा पूर्ण मार्ग अशी कमांड द्या. मुळापासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानगी एकाखाली एक छापून येते. सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) असेल तर ती कुठे नेते तेही दिसतं. ‘एलएस -एल’ दहा वेळा मारण्यापेक्षा ही एक कमांड सवयीची करा.

आणखी एक: नवी फाइल तयार करायची असेल, जुनी खोडायची असेल किंवा नाव बदलायचं असेल, तर परवानगी फाइलची नाही, फोल्डरची लागते. अनेक लायब्ररी सुरक्षितपणे सेव्ह करण्यासाठी आधी शेजारी तात्पुरती फाइल लिहितात आणि मग तिचं नाव बदलून मूळ फाइलच्या जागी ठेवतात. अशा वेळी मूळ फाइल लिहिता येत असूनही ‘परमिशन डिनाइड’ येतं, कारण फोल्डर बंद आहे.

## ७७७ केलं की चालतं. मग हरकत काय?

चालतं, आणि तिथेच गोची आहे.

फोल्डरवर ७७७ म्हणजे मशीनवरच्या कुठल्याही युजरच्या कुठल्याही प्रोसेसला त्यात फाइल टाकायची, खोडायची आणि एकाच्या जागी दुसरी ठेवायची मुभा. आतली फाइल ४४४ असली तरी ती काढून तिच्याच नावाने दुसरी ठेवता येते, कारण वर म्हटलं तसं खोडण्याची परवानगी फोल्डरकडे असते. एकाच मशीनवर अनेक साइट असतील तर शेजारच्या साइटमध्ये शिरलेला माणूस तुमच्या फोल्डरमध्येही शिरला.

‘७७७ मुळे हॅकर अपलोडमधून स्क्रिप्ट चढवतात’ असंही सांगितलं जातं. ते अर्धं खरं आहे. अपलोडचं फोल्डर वेबच्या युजरला लिहिता येतच असतं, मग त्यावर ७५५ असो वा ७७७. चित्राच्या नावाखाली स्क्रिप्ट चढवणाऱ्याला तेवढं पुरतं. त्यावर उपाय वेगळा: त्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट चालवणं सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये बंद करा, किंवा फोल्डरच वेबरूटच्या (ब्राउझरला उघड्या असलेल्या फोल्डरच्या) बाहेर ठेवा.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ७७७ ला ‘-आर’ जोडून आतल्या सगळ्याला लावणं. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल सगळ्यांना वाचता येऊ लागते. हेच होम फोल्डरवर केलंत तर एसएसएच तुमची ‘की’ (लॉगिनची किल्ली) नाकारतो, कारण तुमच्या फोल्डरमध्ये कोणीही लिहू शकतं हे त्याला दिसतं. आपलंच घर आपल्याला बंद. आणि जिथे स्क्रिप्ट सूएक्झेकमधून (ती वेगळ्या युजरच्या नावाने चालवणाऱ्या अपाचेच्या सोयीतून) चालते तिथे ७७७ असलेली स्क्रिप्ट किंवा तिचं फोल्डर तो चालवायलाच नकार देतो. परिणाम: ‘परमिशन डिनाइड’ जाऊन त्याजागी ५०० ची एरर. आगीतून फुफाट्यात.

तरी एक कबूल करतो. चाचणीच्या मशीनवर, एका मिनिटासाठी, एकाच फोल्डरला ७७७ देऊन बघणं हे निदान म्हणून वाईट नाही. तेवढ्यानेही नकार आला, तर दोष त्या फोल्डरच्या आकड्यांत नाही हे कळलं. मग लगेच मागे घ्या.

## मग योग्य मांडणी कोणती?

कोडचा मालक तुम्ही, वेबच्या युजरला फक्त वाचायला. लिहायची फोल्डर मोजकी आणि वेगळी: अपलोड, कॅश, लॉग. एवढीच वेबच्या युजरच्या नावावर करा, ७५५ पुरतं.

संपूर्ण प्रोजेक्ट ‘सीएचओन -आर’ (मालक बदलायची कमांड) करून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर करायचा सल्ला खूप ठिकाणी मिळतो. घेऊ नका. मग साइटमधल्या एका भोकातून शिरलेला माणूस थेट कोडच बदलू शकतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

तुम्ही आणि वेबचा युजर, दोघांनाही एकाच फोल्डरमध्ये लिहायचं असेल तर एक गट करा, दोघांना त्यात घाला, फोल्डर त्या गटाचं करा आणि परवानगी २७७५ द्या. पुढचा २ म्हणजे सेट-जीआयडी: आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल फोल्डरचाच गट घेते. हा २ विसरला की पहिल्या दिवशी सगळं चालतं आणि दुसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या.

गट मिळाला तरी गटाला लिहायची परवानगी मिळेलच असं नाही, ते युमास्कवर ठरतं (पुढे येतंय). त्या कटकटीतून सुटायचं तर ‘सेटफॅकल’ने फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल (कोणाला काय परवानगी याची सविस्तर यादी) लावा. एसीएल असलेल्या फाइलपुढे ‘एलएस -एल’मध्ये अधिकचं चिन्ह दिसतं. अशा फाइलवर नंतर कोणी सीएचमॉड (परवानगीचे आकडे बदलायची कमांड) चालवलं तर गटाचा आकडा बदलत नाही, एसीएलचा मास्क बदलतो, आणि नीट दिलेल्या परवानग्या गुपचूप निष्प्रभ होतात. ‘गेटफॅकल’ चालवलं की कोणती परवानगी प्रत्यक्षात लागू आहे ते शेजारी लिहून येतं.

## युजरला गटात टाकलं, तरी तीच एरर?

सर्व्हिस रीस्टार्ट केली का? प्रोसेसला तिचे गट सुरू होतानाच मिळतात. आधीपासून चालू असलेल्या एफपीएमला तुम्ही त्याला नव्या गटात घातल्याचं कळत नाही. तुमच्या स्वतःच्या लॉगिनचंही तसंच. बाहेर पडून पुन्हा आत या.

आणि ‘युजरमॉड’ला ‘-जी’ देताना ‘-ए’ विसरू नका. तो विसरला तर युजर नव्या गटात जातो आणि आधीच्या जोड-गटांतून बाहेर पडतो. सुडोच्या (रूटच्या अधिकाराने कमांड चालवू देणाऱ्या) गटातूनसुद्धा.

## काल चालत होतं. कोणी काही बदललं नाही. आज बंद. असं कसं?

काहीतरी बदललेलं असतं. ते माणसाने केलेलं नसतं इतकंच.

एका साइटचं दुखणं मी आठवडाभर वागवत होतो. काही दिवशी सगळं सुरळीत, काही दिवशी पहाटेपासून प्रत्येक पानावर एरर. कोड तोच, परवानग्या त्याच, दुसऱ्या दिवशी आपोआप बरं. शेवटी कळलं की लॉगच्या फाइलला तारखेचं नाव होतं, म्हणजे रोज मध्यरात्रीनंतर जो पहिल्यांदा लॉग लिहील तो ती फाइल तयार करणार. रात्री एखादा भटका पाहुणा साइटवर आला तर फाइल वेबच्या युजरच्या नावावर व्हायची आणि दिवस छान जायचा. पाहुण्याआधी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पोहोचला तर फाइल रूटची, कारण तो क्रॉन कोणीतरी रूटच्या क्रॉनटॅबमध्ये लिहून ठेवला होता. मग दिवसभर वेबला त्या फाइलवर एक अक्षर लिहिता येत नसे. क्रॉन वेबच्या युजरच्या क्रॉनटॅबमध्ये हलवला, विषय संपला.

याच जातीची बाकीची कारणं: कोणीतरी सुडो लावून फ्रेमवर्कची कमांड चालवली आणि कॅशच्या फाइली रूटच्या झाल्या, डिप्लॉय करताना गिट पुल रूटने केलं, लॉगरोटेटने जुना लॉग बाजूला करून नवा तयार केला, पण त्याच्या ‘क्रिएट’ ओळीत युजर दुसराच आहे. शोधायचं असेल तर त्या फोल्डरमध्ये वेबच्या युजरच्या मालकीचं काय नाही हे ‘फाइंड’ला विचारा. उत्तरात आलेल्या फाइलींची वेळ बघितली की गुन्हेगार सहसा सापडतो.

## स्क्रिप्ट दरवेळी नवी फाइल चुकीच्या परवानगीने तयार करते. का?

तीन शक्यता आहेत, तिसरी सगळ्यात मजेशीर.

पहिली, युमास्क. प्रोग्राम साधारणपणे फाइलसाठी ६६६ आणि फोल्डरसाठी ७७७ मागतात. युमास्कमध्ये असलेले बिट त्यातून वगळले जातात. नेहमीचा युमास्क ०२२, म्हणून हाती येतं ६४४ आणि ७५५. गटालाही लिहायला हवं असेल तर सर्व्हिसचा युमास्क ००२ करा. सिस्टमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिटमध्ये त्यासाठी ‘युमास्क’ नावाचीच ओळ असते. तुमच्या शेलमध्ये युमास्क बदलून सर्व्हिसला काही होत नाही.

दुसरी, तात्पुरत्या फाइली. पायथनचं ‘टेंपफाइल’ मॉड्यूल फाइल ६०० परवानगीने बनवतं, आणि तसंच बनवायला हवं. पण तीच फाइल नाव बदलून कायमच्या जागी नेली की ६०० तिच्यासोबत जातं, आणि दुसऱ्या युजरने चालणाऱ्या वेब सर्व्हरला ती वाचता येत नाही. जँगोमध्ये हे इतकं छळायचं (लहान अपलोड ठीक, मोठा अपलोड दिसत नाही) की ३.० आवृत्तीपासून अपलोडची परवानगी आपोआप ६४४ ठेवली जाते.

तिसरी, हरवलेलं शून्य. पीएचपीत ‘एमकेडिर’ला ०७५५ ऐवजी ७५५ दिलं तर ती दशमान संख्या होते. दशमान ७५५ म्हणजे अष्टमान १३६३. युमास्क वगळून उरतं १३४१: मालकाला लिहिता येतं, आत जाता येतं, पण आत काय आहे त्याची यादी वाचता येत नाही, वर स्टिकी बिट (दुसऱ्याची फाइल खोडू न देणारा) फुकट. ‘एलएस’मध्ये परवानगीच्या रकान्यात अक्षरांची अशी विचित्र खिचडी दिसली की कोडमध्ये शून्य शोधा. पायथन ३ मध्ये ही चूक निम्मी टळते, कारण तिथे ०७५५ लिहिलं तर सिंटॅक्स एररच येते आणि ०ओ७५५ लिहावं लागतं. नुसतं ७५५ लिहायची सोय मात्र तिथेही आहे.

## एररच्या मजकुरातून काही कळतं का?

बरंच, पण लोक ‘परमिशन’ एवढंच वाचतात.

‘परमिशन डिनाइड’ हा क्रमांक १३. हा बहुधा मालक, गट, आकडे किंवा रस्ता यांचा मामला, किंवा पुढे सांगितलेल्या पहारेकऱ्यांचा. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हा क्रमांक १, आणि तो वेगळा प्राणी आहे: दुसऱ्याच्या फाइलवर सीएचमॉड करायला गेलात तर हा येतो, किंवा फाइलवर ‘चॅटर’ने अचल असल्याचा शिक्का मारलेला असेल तर. तो शिक्का असलेल्या फाइलला रूटसुद्धा हात लावू शकत नाही. ‘एलएसचॅटर’ नव्हे, ‘एलएसॲटर’ने तो दिसतो. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टम’ हा ३०: डिस्कमध्ये दोष आढळून कर्नलने ती फक्त वाचण्यापुरती ठेवली असेल, किंवा सिस्टमडीने. इथे सीएचमॉडचा काही उपयोग नाही.

‘नो स्पेस लेफ्ट’ हा २८. यात एक छान फसवणूक आहे. एक्स्ट४ फाइल सिस्टम तयार होताना सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. डिस्क भरत आली की वेबच्या युजरला लिहिता येत नाही, पण तुम्ही रूट होऊन फाइल लिहून बघता तर ती बिनबोभाट लिहिली जाते, आणि मग सगळा संशय परवानग्यांवर जातो. ‘डीएफ -एच’ बघा, आणि तिथे जागा दिसली तर ‘डीएफ -आय’ही बघा, लाखो छोट्या सेशन फाइलींनी आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपवलेले असू शकतात.

## सुडो -यू लावून वेबच्या युजरने ‘टच’ केलं तर फाइल बनते, ब्राउझरमधून मात्र नकार. हे कोडं काय?

ही चाचणी केलीत हे उत्तम, कारण हिचं उत्तर शोध अर्ध्यावर आणतं. सुडोनेही नकार आला तर मालक, गट, आकडे, रस्ता यांतच दोष. सुडोने चाललं आणि सर्व्हिसमधून नाही, तर युजर बरोबर आहे पण त्या सर्व्हिसवर आणखी कोणाचा तरी पहारा आहे. सुडोने चालवलेली कमांड त्या पहाऱ्याच्या बाहेर असते.

रेड हॅट घराण्यात पहिला संशय एसईलिनक्सवर (नेहमीच्या परवानग्यांवरची जादा सुरक्षा). तिथे प्रत्येक फाइलला एक लेबल असतं, ‘एलएस -झेड’ने दिसतं. वेबच्या फाइलींचं नेहमीचं लेबल ‘एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी’ फक्त वाचू देतं. लिहायला ‘एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी’ लागतं. ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने नियम नोंदवा आणि ‘रीस्टोरकॉन’ने तो लागू करा. नुसतं ‘सीएचकॉन’ केलंत तर पुढच्या रीलेबलमध्ये ते पुसलं जाईल. होम फोल्डरमधून ‘एमव्ही’ने आणलेल्या फाइली जुनं लेबल घेऊनच येतात, ‘सीपी’ने आणलेल्या नव्या जागेचं घेतात, एकाच फोल्डरमध्ये काही फाइली चालतात आणि काही नाहीत त्याचं हे एक कारण. नकाराची नोंद ऑडिट लॉगमध्ये ‘एव्हीसी’ या नावाखाली सापडते. ‘सेटएनफोर्स ०’ मिनिटभर निदानासाठी चालेल. तेच उत्तर समजून सोडून देणं म्हणजे डोकं दुखतं म्हणून डोकंच काढणं.

उबंटूवर त्याजागी ॲपआर्मर असू शकतो, त्याच्या नोंदी कर्नलच्या लॉगमध्ये येतात. सिस्टमडीचा पहारा ‘सिस्टमसीटीएल कॅट’ आणि सर्व्हिसचं नाव दिलं की दिसतो: ‘प्रोटेक्टसिस्टम’ची किंमत स्ट्रिक्ट असेल तर जवळजवळ सगळी फाइल सिस्टम त्या सर्व्हिससाठी फक्त वाचण्यापुरती असते. हव्या त्या फोल्डरला ‘रीडराइटपाथ्स’मध्ये जागा द्या. पीएचपीचा स्वतःचा ‘ओपन_बेसडिर’ही आहे, पण तो एररमध्ये स्वतःचं नाव सांगतो.

## टीएमपी फोल्डरमध्ये लिहिलं, एररही नाही, पण फाइल सापडत नाही?

सर्व्हिसला ‘प्रायव्हेटटीएमपी’ चालू असेल. तिला दिसणारं टीएमपी वेगळं. खरी फाइल ‘सिस्टमडी-प्रायव्हेट’ने सुरू होणाऱ्या एका उपफोल्डरमध्ये आहे. दोन सर्व्हिसमध्ये फाइलींची देवाणघेवाण टीएमपीतून करू नका.

याच्या उलटही होतं. टीएमपीमध्ये दुसऱ्या युजरची ६६६ परवानगीची फाइल आहे आणि रूटलासुद्धा तीत लिहिता येत नाही. हा बग नाही. लिनक्स ४.१९ पासून ‘प्रोटेक्टेड_रेग्युलर’ नावाचं संरक्षण आहे: स्टिकी बिट असलेल्या सार्वजनिक फोल्डरमध्ये, दुसऱ्याची फाइल ‘नसेल तर तयार कर’ अशा पद्धतीने उघडायला गेलात तर नकार मिळतो.

## माझा मार्ग नुसता ‘डेटा.टीएक्सटी’ आहे. तो कुठे लिहिला जातो?

प्रोसेस त्या क्षणी ज्या फोल्डरमध्ये ‘उभी’ असेल तिथे. क्रॉनमधून चालली तर होम फोल्डरमध्ये. सिस्टमडीची सर्व्हिस असेल आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर थेट मुळाशी, म्हणजे ‘/’ मध्ये. तिथे साध्या युजरला लिहिता येणारच नाही, म्हणून ‘परमिशन डिनाइड’. आणि तुम्ही मात्र प्रोजेक्टच्या फोल्डरची परवानगी सुधारत बसला आहात. पूर्ण मार्ग द्या.

## डॉकरमध्ये हेच का होतं?

कारण कर्नलला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. बाइंड माउंटने होस्टचं (मूळ मशीनचं) फोल्डर कंटेनरमध्ये (डॉकरच्या बंदिस्त जागेत) दिलं की मालकी क्रमांकाने जुळवली जाते. डेबियनवर बेतलेल्या पीएचपी इमेजमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ३३ आहे, अल्पाइनच्या इमेजमध्ये तेच नाव ८२ क्रमांकाचं. इमेज हलकी हवी म्हणून अल्पाइनवर गेलात की कालपर्यंत चालणारं फोल्डर आज परकं होतं. नोडच्या अधिकृत इमेजमधला ‘नोड’ हा युजर १००० आहे. होस्टवर तुमचाही क्रमांक बहुधा १०००, म्हणून तिथे योगायोगाने जमतं, आणि सर्व्हरवर गेल्यावर जमत नाही.

‘-व्ही’ने दिलेलं होस्टचं फोल्डर अस्तित्वातच नसेल तर डॉकर ते स्वतः बनवतो, रूटच्या नावावर. आधी स्वतः बनवून ठेवा. एसईलिनक्स असलेल्या होस्टवर माउंटच्या शेवटी ‘:झेड’ जोडावं लागतं. सगळं रूटने चालवणं हा सोपा मार्ग आहे, पण मग होस्टवर रूटच्या मालकीच्या फाइलींचा ढीग साचतो.

## एनएफएसवर रूट होऊनही सीएचओन होत नाही?

एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून जोडलेली दुसऱ्या सर्व्हरची डिस्क. त्या सर्व्हरवर ‘रूट स्क्वॉश’ चालू आहे, आणि ते मुळात चालूच असतं. तुमचा रूट पलीकडे ‘नोबडी’ होतो. मालकी एनएफएस सर्व्हरवर जाऊन बदला.

## लिहिण्याआधी ‘इज_रायटेबल’ने तपासावं का?

पानावर नीट संदेश दाखवायला ठीक. भरवसा ठेवायला नाही. तपासणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणात परिस्थिती बदलू शकते. शिवाय पीएचपी असल्या उत्तरांची कॅश ठेवतं, त्यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये शिळं उत्तर मिळू शकतं. सरळ लिहायचा प्रयत्न करा, फसला तर एरर पकडा आणि पूर्ण मार्ग व युजर क्रमांकासह लॉग करा. फंक्शनच्या पुढे ‘@’ लावून एरर गिळू नका.

## होस्टिंगवर माझ्याकडे फक्त एफटीपी आहे, सीएचओन नाही. काय करू?

आधी चाचणी स्क्रिप्टने युजर बघा. आजकाल अशा ठिकाणी पीएचपी बहुधा तुमच्याच खात्याच्या नावाने चालतं. मग फोल्डर ७५५, फाइली ६४४, यापलीकडे काही लागत नाही. युजर वेगळा निघाला तर लिहायचं फोल्डर स्क्रिप्टकडूनच बनवून घ्या, म्हणजे मालकी आपोआप तिची होते. ते नंतर एफटीपीने खोडता आलं नाही तर खोडायचं कामही स्क्रिप्टलाच सांगा.

## विंडोजवर आयआयएस असेल तर?

आयआयएस हा विंडोजचा वेब सर्व्हर. तिथे आकडे नाहीत, एसीएल आहे, पण प्रश्न तोच: लिहितो कोण? स्क्रिप्ट ॲप्लिकेशन पूलच्या ओळखीने चालते, आणि ती ओळख ‘आयआयएस ॲपपूल’, मग उलटी तिरकी रेघ, मग पूलचं नाव अशी लिहिली जाते. परवानगी देण्याच्या खिडकीत ती यादीत शोधून सापडत नाही, पूर्ण टाइप करावी लागते, आणि शोधण्याची जागा हेच मशीन असायला हवी. त्या ओळखीला त्या एका फोल्डरवर ‘मॉडिफाय’ द्या. ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ हा तिथला ७७७. पीएचपी फास्टसीजीआयने चालत असेल आणि ‘इंपर्सोनेट’ चालू असेल तर लिहिणारा ‘आययूएसआर’ निघू शकतो. फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवल्यामुळे येणारा नकार वेगळा, त्यात परवानगीचा दोष नसतो.

## सगळं करून पाहिलं. आता?

आता अंदाज थांबवा आणि कर्नलला विचारा. ‘एस-ट्रेस’ला (प्रोसेस कर्नलकडे काय मागते ते दाखवणाऱ्या कमांडला) वर्कर प्रोसेसचा क्रमांक द्या, ‘-एफ’ लावा, ‘ट्रेस’ फक्त फाइलींपुरता ठेवा, आणि ब्राउझरमध्ये पान पुन्हा उघडा. एफपीएमचे वर्कर अनेक असतात, म्हणून तेवढ्यापुरता पूलमध्ये एकच वर्कर ठेवला तर शोधाशोध वाचते. ओळींच्या गर्दीत ‘ओपनॲट’ शोधा, जिच्या शेवटी उणे १ आणि एररचं नाव असेल अशी. त्या ओळीत स्क्रिप्टने प्रत्यक्षात मागितलेला मार्ग अक्षरशः दिलेला असतो. तुम्हाला वाटत होता तो आणि हा वेगळे निघाले तर आश्चर्य वाटू देऊ नका. तो मार्ग उचला आणि ‘नेमआय -एल’पुढे ठेवा.